इतिवृत्त, अपुरे

गुरुवार, चोवीस सप्टेंबर एकोणीसशे एकतीस.
स्टाव्हांगर. दारूबंदी मंडळाचं सभागृह.
हजर छत्तीस. त्यांतले बावीस
बेकार, म्हणजे वेळेवर आलेले.
विषय : आपल्या क्रोनने सोन्याला धरून राहावं, की हात सोडावा.
लिहिणारा मी, एलिंग,
सार्डिनच्या डब्यांची लेबलं छापतो,
सध्या आठवड्यातून दोन दिवस.

आधी बोलले बँकेचे रोखपाल, आन्फिन स्केये.
त्यांचा वरचा डावा एक दात सोन्याचा आहे.
‘शब्द’ म्हणताना दिसतो.
म्हणाले, नोट म्हणजे कागद नव्हे, दिलेला शब्द.
युद्धानंतर आपण घसरलो, ती लाज होती.
दातओठ खाऊन पुन्हा चढलो,
जुन्या भावाला पोचलो, अगदी ओरे न् ओरे.
सोमवारी इंग्लंडने शब्द मोडला,
म्हणून आपणही मोडायचा?
(टाळ्या. लेखणी ठेवून मीही वाजवल्या.)

मग तोर्बोर्ग, पॅकिंगच्या टेबलावरची.
तिने कागद आणला नव्हता.
नवऱ्याने वीस साली होडी घेतली, म्हणाली,
तेव्हा हप्ता म्हणजे ब्रिसलिंगच्या बारा पेट्या.
आता तेवीस.
हप्ता वाढलेला नाही हो. आकडा तोच,
सही तीच, मासाही तेवढाच लांब.
उसनं दिलेलं कापड परत मोजून घेताना
कोणी लांब गज काढला
तर त्याला आपण लबाड म्हणतो.
तुम्ही काढलात, त्याला अब्रू म्हणायचं का?

मागून कोणीतरी :
सोन्याची सुरी झाली म्हणून उरात खुपसून घ्यायची?
(हशा. अध्यक्षांनी चमचा आपटला.)

हालवर मास्तर उठले. मग छापा ना नोटा,
कागदाला काय तोटा, जंगलं आपलीच!
स्केये बसूनच बोलले, हळू.
भावाने हांबुर्गहून तेवीस साली पत्र पाठवलं.
पाकिटावर तिकिटं इतकी
की पत्त्याला जागा उरली नाही, तो मागे लिहिलेला.
आत एकच ओळ होती. आईला कळवू नका.
यावर कोणी बोललं नाही.
तोर्बोर्गही नाही.

इथे मी इतिवृत्ताबाहेर जातो.
आमच्या लेबलांची सोनेरी कड पितळेच्या भुकटीची असते.
ओल्या शाईवर कापसाने थापायची.
रात्री खोकलो की रुमाल चमकतो.
लंडनच्या गिऱ्हाइकाने ती कधी नखाने खरवडली नाही.
डबा उघडला, मासा बरा लागला, पुढची मागणी आली.
आणि सव्वीस साली माल खवट निघाला
तेव्हा दुप्पट भुकटी थापूनही काही झालं नाही.
हे मी सभेत सांगायला हवं होतं.
पण कोणाच्या बाजूने सांगतोय
ते मलाच ठरेना.
कधीकाळी या गावातून सोन्याचा धूर निघे, म्हणतात.
मला आठवतो तो माशाचाच,
आणि तोही आता पन्नासांतल्या अकराच धुराड्यांतून.

मतदान : सोन्याच्या बाजूने सतरा, विरुद्ध सतरा.
दोघे तटस्थ. एक मी.
दुसरी कॉफी ओतणारी फ्रू ओल्सेत,
तिला कोणी विचारलं नाही.
निर्णय पुढच्या सभेवर.

पुढची सभा झाली नाही.
रविवारी राजधानीतल्या बँकेने सोनं सोडलं.
आमचा ठराव त्यांनी मागवला नव्हता.
सोमवारी मी खिडकीपाशी होतो.
एका म्हाताऱ्याने दहाची नोट सरकवली, सोनं द्या म्हणाला.
यावर छापलंय, देऊ म्हणून.
स्केयेंनी बोटाने पाटी दाखवली.
दिवसभर ते ओठ मिटूनच होते.
रांगेत तोर्बोर्ग, हप्ता घेऊन. तोच आकडा.
आता किती पेट्या? मी विचारलं.
वसंतात विचार, ती म्हणाली,
आधी मासा येऊ दे.

जमाखर्च : कॉफी व साखर,
चार क्रोन वीस ओरे.
मंडळाकडून येणे बाकी.